अधिक-उणे सहा मिनिटं

४ मार्च
बोंग साहेबांनी राजीनामा परत केला. मी लिहिलं होतं — तपासणी विभाग चॉनानला हलवला, ती बदली मला मान्य नाही. वाचून हसले. "सेरिन, राजीनाम्यात खरं कारण कुणी लिहितं का? 'वैयक्तिक कारणास्तव' लिही. सगळे तेच लिहितात. मी जाईन तेव्हा मीसुद्धा!" छापील नमुनाच पुढे केला. फक्त सहीची जागा रिकामी.

केली सही. सगळे करतात म्हणून. इतकं फालतू कारण मी आजवर कशालाच दिलेलं नाही.

या माणसाला नेमकेपणाचं वावडंच आहे. तपासायला आलेला मायक्रोमीटर तीन मायक्रॉननं चुकत असेल तर मी तीन लिहिते. हा मागे उभा राहून म्हणणार, "तिनानं कुणी मेलंय का? दोन लिही, पास होऊ दे बिचारा." पाच वर्षं! एकदाही दोन लिहिलं नाही.

१४ मार्च
निरोपाचं जेवण. तव्यावर डुकराचं मांस आणि कात्री माझ्याच हातात — निरोपही माझा, कापायचंही मीच. तिसऱ्या पेल्यानंतर साहेबांना रडू आलं. "अशी मुलगी पुन्हा मिळायची नाही रे!" माझा पेला भरायला गेले, निम्मी दारू टेबलावर. तिथेही अंदाजच.

१८ मार्च
रोजगार कार्यालय. दीड तासानं नंबर लागला. खिडकीवर गुक बाई, माझ्याच वयाच्या, चष्मा केसांत खोचलेला.

"स्वतःहून सोडलीत ना? 'वैयक्तिक कारणास्तव'. मग बेकारी भत्ता नाही."

"बदली झाली म्हणून सोडली."

"मग असं का लिहिलंत?"

"सगळे लिहितात."

"हो, सगळे लिहितात आणि मग इथे येतात." जांभई दिली. नियम सांगितला: बदलीच्या जागी जाऊन-येऊन तीन तास किंवा जास्त लागत असतील तरच भत्ता. प्रवासाची नोंद आणा, कंपनीचा कागदही मागवू.

भत्ता मिळाला तर मोजमाप-अभियंत्याच्या परीक्षेचा अभ्यास घरी बसून होईल. नाहीतर आईच्या लोणच्या-भाज्यांच्या दुकानात मुळ्याला मीठ चोळायचं. आई आतापासूनच रबरी हातमोजे माझ्या मापाचे घेऊन आली आहे.

२१ मार्च
तीन दिवस सुवॉनच्या घरून चॉनान आणि परत. दारापासून कंपनीच्या फाटकापर्यंत, स्टॉपवॉच लावून. २ तास ५४. २ तास ५७. २ तास ५७. सरासरी २ तास ५६.

आईला सांगितलं. ती कोबीची पानं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तीन लिही."

"तीन नाहीत."

"अगं चार मिनिटांनी कुणाचं पोट दुखणार आहे?"

हुबेहूब बोंग साहेब! या देशात सगळ्यांना एकाच साच्यातून काढलंय का?

बस कधी लगेच येते, कधी थांबवते. त्याचा हिशेब धरून वहीत लिहिलं: २ तास ५६, अधिक-उणे ६ मिनिटं. हेच खरं आहे. ज्याला वाचता येतं त्याला यात तीन तास दिसतील.

२४ मार्च
वाचता येत नाही.

"हे अधिक-उणे काय आहे?" गुक बाईंनी वही उलटी-सुलटी केली.

"मोजण्यातली अनिश्चितता."

"म्हणजे तुम्हालाच नक्की माहीत नाही?"

किती माहीत नाही, हे मला नक्की माहीत आहे. ते यांना कोण शिकवणार! त्यांनी वही ठेवून घेतली. कंपनीचा कागद आला की दोन्ही बघू म्हणाल्या.

२७ मार्च
नाइलाजानं साहेबांना फोन. कागदात कारण 'बदली' असंच लिहा, एवढंच मी म्हणाले. मागे मशीन चालू होतं, ते ओरडून बोलत होते. "लिहितो गं! प्रवास मोठा पडतो ना तुला?"

"मी मोजलाय. दोन तास —"

"बरं बरं, मोठा आहे म्हणजे! मी बघतो, तू जेवलीस का?"

आकडा ऐकूनसुद्धा घेतला नाही. असल्या माणसाच्या हातात माझं वर्ष आहे.

२८ मार्च
हातमोजे घालून पाहिले. बरोब्बर मापाचे.

३१ मार्च
गुक बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. साहेबांच्या कागदावर कारण: बदली. रोजचा प्रवास: ३ तास १० मिनिटं. खाली शिक्का, थोडा तिरका.

"एक तुमचं, एक कंपनीचं. खरं कोणतं?"

मी म्हणाले, "कंपनीचं."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मग ही घरी घेऊन जा."