व्हिएन्ना की लिस्बन

रूपाली,

अन्वी तुझ्या कुशीत झोपली होती, म्हणून तुला उठवलं नाही. मी पहिल्या बसने शिरपूरला जाते आहे, संध्याकाळी परत येईन. तिचा वरणभात झाकून ठेवला आहे. तूप वरून घाल, नाहीतर ती खात नाही.

काल तुम्ही सहलीचं शहर ठरवत होता. लिस्बनला चढ फार, आईंचे गुडघे दुखतील, त्यापेक्षा व्हिएन्ना बरं, असं तू म्हणालीस. बरं वाटलं. त्यावर प्रज्वल म्हणाला, "तिले कुटं चढाचं हाये? माय राह्यते ना पोरीपाशी खोलीत. आपण दोघं फिरू."

शिरपूरला गेलो की माझ्या सासूबाईही म्हणायच्या, "तू बस वं पोट्टे घेऊन, आमी दर्शन करून येतो." चार वेळा गेले, चारही वेळा पायरीवर बसले. ते देऊळ आज आतून पाहून येते.

माझा पासपोर्ट निघाला, आणि मीच हौसेने इंझोरी गावभर सांगून बसले. आता नाही म्हणायला तोंड नाही. येईन, अन्वीलाही सांभाळीन. शहर तुम्हाला आवडेल ते घ्या. खोली मात्र रस्त्याच्या बाजूची बघा, खिडकी उघडणारी.

आई