केबल गार पडली तेव्हा

प्रिय ठमाबाई,

आई बरी आहे, मीही मजेत. बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर अजून माझ्याच हाताखाली कुरकुरतोय. आज मात्र एक कबुली द्यायची आहे, म्हणून घसा खाकरून बसलोय.

तू इंजिनिअर होऊन पहिल्यांदा कारखान्यात आलीस, तेव्हा मी मोटरशेजारची कपॅसिटरची पेटी काढत होतो. ही ऐतखाऊ पेटी काही काम करत नाही, उगाच जागा अडवते, असं माझं ठाम मत. तू म्हणालीस, काढू नका बाबा, मोटर घेते ती सगळीच वीज कामाला जात नाही. त्यावर मी चारचौघांत तुला पुस्तकी किडा म्हटलं. सगळे खो खो हसले. तूही हसलीस, पण जेवण अर्धं टाकून उठलीस.

यंदाच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जास्त चालला आणि मोठी केबल चटका बसेल इतकी तापली. सगळे जोड तपासले, कुठे काही सैल नाही. शेवटी नाक मुठीत धरून अडगळीतून ती पेटी आणली, जोडली. केबलवर चौऱ्याण्णव अँपिअर होते, ते एकाहत्तरवर आले. मोटर तीच, बर्फ तेवढाच! तासाभरात केबल गार.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मोटर काही वीज फिरण्यात खरोखर खर्च करते. काही मात्र आपलं चुंबक उभं करायला नुसती मागून घेते आणि लगेच परत करते, सेकंदाला शंभर वेळा. ती खर्च होत नाही, पण तिच्याशिवाय मोटर जागची हलत नाही. ही ने-आण लांबून झाली की केबल बिचारी तापते. कपॅसिटर जवळ असला की दारातल्या दारात भागतं, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. चुकलं असेल तर माझा कान धर.

त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांना आज चहाच्या सुट्टीत गोळा केलं आणि सांगितलं, की माझी मुलगी बरोबर होती, मूर्खपणा माझा. पण पत्र त्यासाठी नाही. तेव्हापासून तू मला तुझ्या कामातलं काहीच सांगत नाहीस. माझी तब्येत विचारतेस, आणि बाकी सगळं आईला. ती फोन स्पीकरवर ठेवते, आणि दोन वर्षं मी शेजारच्या खोलीतून कान देऊन ऐकतोय. नवं मोठं काम मिळालं, तेही तसंच कळलं. ऊर भरून आला, पण ऐकलं हे कबूल करायची लाज वाटली. रविवारी फोन करशील तेव्हा आईला नंतर माग. आधी मला सांग. मी हसणार नाही.

तुझाच,
बाबा