दहा मिनिटं बादलीत

३ तारीख, सोमवार. सकाळी ११.
मावशी महिनाभरासाठी लेकीकडे गेली. घर आणि पाच ऑर्किड माझ्या ताब्यात. जाताना म्हणाली, झाडं जगली तर मागची खोली तुझी, कायमची. नाहीतर ही बॅग उचल आणि लाग पुन्हा भटकायला. सव्वीस वर्षांचा घोडा झालो, भटकून पाय दुखतात. यंदा मुक्काम.
फ्रिजवर चिठ्ठी: आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं बादलीत, मग पूर्ण निथळू देणे. एवढंच?
पाचातलं एक मेलेलंच आहे. पानं सुरकुतलेली. मावशीला आल्या आल्या दिसायला नको, म्हणून बाथरूमच्या खिडकीत वर सरकवलं.

५ तारीख.
आठवड्यातून एकदा! माणसाला असं पाजलं तर? रोज मगभर सुरू केलं.

१० तारीख, सोमवार. संध्याकाळी ७.
चौघांना बादलीत बसवलं. दहा मिनिटं काय करायचं, म्हणून खाली उतरलो. कोपऱ्यावर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. क्रेनवाल्याला थोडं मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, साहेब, आधी टाकीखालून बाजूला व्हा. परत आलो तर नऊ तास झालेले. हिशोब केला: चोपन्न आठवड्यांचं पाणी एका दिवसात. वर्षभराचं काम उरकलं.

१४ तारीख.
पानं पिवळी. शेजारचे रिटायर्ड पोस्टमनकाका डोकावून म्हणाले, अरे, मुळं कुजली बघ, पाणी बंद कर. काकांनी जन्मभर पत्रं वाटली, झाडांचं त्यांना काय कळणार. खरं कारण मला सापडलं. कुंडीत माती नाहीच! नुसते सालींचे तुकडे. मावशी विसरली असणार, वय झालं. मैदानातून पिशवीभर माती आणली, ठासून भरली. मुळं बाहेर लोंबत होती, तीही आत कोंबली. कंबर गेली.

२१ तारीख. दुपार.
फुलं गळली. काका म्हणाले, मावशीला फोन कर. म्हटलं, झाडं विश्रांती घेतायत. मलाही हवीच होती. मागच्या खोलीत आडवा झालो. पूर्वेची खिडकी. इथे कपाट, तिथे खुर्ची. बॅग उघडायला घेतली, चेन अडकली. उद्या.

२ तारीख, बुधवार.
मावशी आली. चारी कुंड्या बघितल्या आणि मटकन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि तिथूनच ओरडली. मेलेल्या झाडाला बोटभर दांडा, टोकाला दोन कळ्या! माझ्या डोळ्यांत रोज साबण, दिसणार कसं?
याला काय केलंस रे, तिने विचारलं.
खरं सांगितलं. काही नाही. फक्त रोज त्याच्याखाली गरम पाण्याने आंघोळ करतो.
मग त्या चौघांनाही काही करायचं नव्हतंस ना, मेल्या, म्हणाली.
मी हळूच विचारलं, पाचातलं एक जगलं, तर खोलीचा पाचवा भाग? ती हसली. मला आशा वाटली.
म्हणाली, कळ्यांना सकाळचं ऊन हवं, ने त्याला मागच्या खोलीत.
मीच नेलं. खिडकीत नीट बसवलं. बॅगेची चेन अजून अडकलेलीच आहे. बरं झालं, परत भरायचे कष्ट वाचले.