न धावलेले पन्नास मीटर

सोमवार, ६ एप्रिल

पाचवीतल्या घंटीची खेळाच्या निवासी शाळेसाठी निवड झाली. शिक्षण कचेरीतल्या कारकुनाने दुपारी फोनवर खात्री दिली. पन्नास मीटर, ८.१ सेकंद — सगळ्या विभागातल्या मुलींत पहिली. खेळाचा शिक्षक नसताना कमाल केलीत म्हणाला. मी बरं म्हटलं. मग उरलेल्या वह्या तपासल्या.

ही मुलगी पन्नास मीटर कधी धावलेलीच नाही. कुणीच नाही. आमचं अंगण एकतीस मीटर, पुढे उतार. पण दरवर्षी क्षमता चाचणीचा ऑनलाइन फॉर्म येतो आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. मी घरी बसून आकडे भरते. प्रगती दिसावी म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्यातून थोडं कमी करते. बाकीची मुलं चाचणीच्या आठवड्यात कधी ना कधी गैरहजर, त्यांचा आकडा त्या वर्षी कमी होत नाही. घंटीने पाच वर्षांत एक दिवस बुडवला नाही. रोज सगळ्यांआधी येऊन घंटा तीच देते. त्यामुळे तिची प्रगती सगळ्यांत जास्त!

मंगळवार, ७ एप्रिल

घंटीची आई आली होती. पाचवीपुढे इथे शाळा नाही. शहरातली मावशी तिला ठेवून घेणार होती, तिथल्या शाळेचा फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत भरायचा होता. आता भरणार नाहीत, मावशीला तसं कळवूनही टाकलं. मावशी म्हणे फोनवर रुसली. आई हसत हसत सांगत होती.

निवासी शाळेत मे महिन्यात एकदा पळवून बघणार, मगच पक्कं. आई म्हणाली, ते काय, नावापुरतं.

मी चहा केला.

बुधवार, ८ एप्रिल

सरांना सांगितलं. शाळेत आम्ही दोघंच. सर म्हणाले, सगळ्याच शाळा असं भरतात, तुम्ही एकट्याच कशाला अंगावर ओढून घेता. शिवाय पळेलही पोरगी, काय सांगावं.

गुरुवार, ९ एप्रिल

शाळेसमोरच्या रस्त्यावर दोरीने पन्नास मीटर मोजले. सर टोकाला रुमाल घेऊन उभे. अकराच्या अकरा मुलं बघायला. "घंटे, मागे कुत्रं लागलंय समज!" — तिचा चुलतभाऊ. ती बूट घालून आली होती, नवे, एक माप मोठे.

११.६.

बूट काढून परत पळाली. ११.९.

"किती, बाई?"

फोनवरचं घड्याळ अडकलं म्हटलं.

"मग तोंडाने मोजा ना. मी परत पळते."

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवार, १० एप्रिल

खेळाच्या तासाला गणित घेतलं. भागाकार. घंटीचे सगळे बरोबर.

शनिवार, ११ एप्रिल

सकाळी सातला तिच्या घरी गेले. आकडे मी मनाने लिहिले, पाचही वर्षांचे, असं सांगितलं. आई भाकऱ्या करत होती, करत राहिली. घंटीने विचारलं, "म्हणजे मी पहिली आलेच नाही?" नाही म्हटलं.

वडील दारात उभे होते. मग चपला घातल्या.

"तो फॉर्म किती वाजेपर्यंत घेतात?"

"एक," मी म्हटलं.

आईने तवा उतरवला आणि मावशीला फोन लावला. आठच्या बसने बापलेक गेले.

त्याच बसच्या कंडक्टरकडे कचेरीसाठी पत्र दिलंय. सगळं लिहिलंय, खाली सही. सोमवारी साहेब चौकशीला येतील.