शेवटचं प्रकरण नणंदेच्या नावे

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणं, असं लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण कायदा हृदयाचं विचारत नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी वार विचारला, तेव्हा वार सांगून वर त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही मी त्यांना ऐकवलं. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. गोड बोलून भुलवण्याचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यावर साक्षीदार म्हणून मी माझ्या नणंदेलाच बोलावलं होतं. तिने पेन उघडलं मात्र, वकीलसाहेब ओरडले, "अहो, ज्यांना मिळणार त्यांनीच साक्षीला उभं राहायचं नसतं!" ती म्हणाली, "म्हणजे मला काय मिळणार आहे?" झालं! गुपिताचे तीनतेरा वाजले. म्हणून हा नवा कागद.

कलम एक. राहतं घर, त्यातल्या वस्तूंसह, चिरंजीवांना. न्हाणीघराचं दार वर उचलून मग ढकलावं लागतं. त्यांच्या वडिलांनी ते आयुष्यभर "उद्या बघतो" म्हणून तसंच ठेवलं. आमचे हे फार गोड माणूस होते, पण उद्याचे.

कलम दोन. माझा जुना जाड भिंगाचा चष्मा, ज्या समीक्षकांनी माझ्या कादंबऱ्यांना "अतिरंजित दुःस्वप्नं" म्हटलं, त्यांना. घालून एकदा स्वतःच्या नळाकडे बघावं. राग नाही. बरं, आहे थोडा.

कलम तीन. याला जरा पाल्हाळ लागेल. वकीलसाहेबांनी चहा घ्यावा.

माझी नणंद पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती. मी उद्याच्या वाईट जगाच्या कथा लिहायची आणि ती त्या पेन्सिल घेऊन वाचायची. "मी कथा वाचत नाही, वहिनी, चुका वाचते," असं म्हणायची मेली. सध्या साप्ताहिकात चालू असलेल्या कादंबरीत मी असं शहर रंगवलं होतं, जिथे प्रत्येक घराचं पाणी एक यंत्र ठरवतं. मी लिहिलं, "टोकाच्या गल्लीचं पाणी आपोआप कमी होत गेलं." तिने "आपोआप" वर गोल काढला आणि विचारलं, "आपोआप म्हणजे कोण गं? नाव सांग."

मी म्हटलं, यंत्र. ती म्हणाली, "यंत्राला कशाला राग येईल?" मग तिने समजावलं. पाणी दिवसात थोडाच वेळ सोडतात, बाकी वेळ पाइपात हवा भरते. पाणी सुटलं की ते हवा पुढे रेटतं, आणि मीटर हवेवरसुद्धा फिरतं. ओळीच्या टोकाच्या घरांना हवा सगळ्यात जास्त. कागदावर दिसतं, ही माणसं पाणी उधळतात. उधळतात म्हणून त्यांचं पाणी आणखी तोडायचं. तोडलं की पाइपात आणखी हवा. एवढं भयंकर मला आयुष्यात सुचलं नव्हतं, आणि हिने ते शेंगा सोलत सांगितलं.

तिचं हे सगळं घालून ते प्रकरण छापून आलं, आणि कपड्यांना इस्त्री करणारी बाई अंक घेऊन दारात हजर. "ताई, हे आमचंच लिहिलंय ना? आमच्या नळाला आधी नुसतं फूंऽऽ येतं आणि काटा पळतो." नणंद तशीच चपला घालून तिच्याबरोबर निघाली. गल्लीत जाऊन तिने नळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. पाण्याचा थेंब नाही, पिशवी टम्म फुगली, मीटर गरगर फिरतंय. बायका आधी खो खो हसल्या. मग एकेक जण आपापलं मीटर बघायला पळाली. सगळ्यांनी मिळून खात्याकडे मीटरच्या आधीच हवा बाहेर सोडणारी झडप मागितली. खात्याने अजून बसवलेली नाही. "मीटरचा दोष तपासत आहोत," म्हणतात.

कलम चार. या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय, आणि हात आता पेन धरत नाहीत. चिरंजीवांनी गोड बोलून एक टीव्ही मालिकावाले आणले. मला शेवटी गल्लीत झडप बसवायची होती; त्यांना शेवट असा हवा, की यंत्र वेडं होतं आणि नायक हातोड्याने त्याचा चक्काचूर करतो. चिरंजीव म्हणाले, "आई, झडप बसवण्यात कसलं आलंय नाट्य?" नणंद हळूच म्हणाली, "म्हणजे झडप न बसवणारे सगळे सुटले." चिरंजीवांना ते कळलं नाही. मला कळलं. आज माझ्या कथेत यंत्र वेडं झालं, तर उद्या खातं त्या गल्लीला तेच सांगेल: दोष यंत्राचा, आमचा नाही.

सबब, या कादंबरीचे सर्व हक्क आणि शेवटचं प्रकरण मी माझ्या नणंदेला देते. ते तिनेच लिहावं. तिला न जमल्यास पानं कोरी छापावीत, दुसऱ्या कुणाचं अक्षर त्यावर नको. चिरंजीवांनी रुसू नये, घर आहे. बाई गं, लोक मला द्रष्टी म्हणतात. खरी नजर तुझी होती, मी नुसती भाषा घातली. तुझ्याएवढं माणूस मी पाहिलं नाही. हे तोंडावर सांगायला लाज वाटते, म्हणून वकिलाकरवी सांगते.

कलम पाच. हे तिला कळल्यावर ती भडकली. "मला वाक्यं येत नाहीत. तू सांग, मी लिहिते. आणि मधेच मरायचं नाही!" म्हणून लिहून ठेवते, की प्रकरण माझ्या हयातीत पुरं झालं तर त्यापुरतं कलम चार रद्द. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात असली आशा लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहा.

सही: (अक्षर हललंय, मी नाही)

साक्षीदार: १. समोरचे दातांचे डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. दोघांनाही यातून काही मिळत नाही, खात्री केली आहे.

ठिकाण: माझी जेवणाची खोली. दिनांक: आजचा, आकडा वकीलसाहेब घालतील.

सह्या चालू असताना बाहेरून नणंदेचा आवाज आला, तोही वकीलसाहेबांनी नोंदवावा: "झालं का गं तुमचं? मी कागद घेऊन बसलेय. पहिलं वाक्य सांग."