दोकचिल माझ्या बोटीत पाणी ओततो

२ मार्च, सकाळ
बोटीच्या तळात पुन्हा पाणी. गुडघाभर. माझी बोट गळत नाही, हे आधी लिहून ठेवतो. पंप सुरू होईना, म्हणून त्याला पान्ह्याने जरा समजावलं. आता पंप उरलेला नाही. हल्ली माल फारच नाजूक येतो.
बुनरेचं म्हणणं, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी गळतंय, मिस्त्रीला दाखवा. मी म्हटलं, बाई, मी समुद्रावर जन्म काढलाय. ती म्हणाली, “जन्म काढलात, आता पाणी काढा.”
बायको आहे म्हणून ऐकून घेतलं. रागाने फक्त किमचीचं मडकं फोडलं.

५ मार्च
चमत्कार. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारच्या डुलकीनंतर घोट्यापर्यंत आलं. काल तेच, परवा तेच. बोट स्वतःच सुधारते आहे. मिस्त्री कॅन्सल. सोजूची बाटली उघडली.

९ मार्च, संध्याकाळ
ओठ सुजलाय, पुढचे दोन दात गेलेत, तरी लिहिणं भाग आहे.
धक्क्याला जागा कमी, म्हणून माझी बोट शेजारच्या दोकचिलच्या बोटीला बांधलेली असते. आज डुलकीतून लवकर जाग आली. बघतो तर दोकचिल माझ्या बोटीच्या तळातून वर येतोय, हातात भरलेली बादली! भरलेली बादली घेऊन माणूस दुसऱ्याच्या बोटीत कशाला शिरेल? ओतायलाच ना!
वल्हं हाणलं. तो ओरडला, “अरे गाढवा, ओतत नाही, उपसतोय! तुझी बुडाली तर माझीही खाली ओढेल!”
एवढी तयार थाप मी आजवर ऐकली नव्हती. दुसरा तडाखा त्याच्या हातावर बसला. कडकन आवाज आला. मग त्याने डोक्याने माझं तोंड फोडलं आणि आम्ही दोघेही तळात कोसळलो. धड हाताने त्याने माझं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. पाणी प्यालो. खारट होतं. म्हणजे समुद्रातूनच आणून ओतलेलं! पुरावा मिळाला.
लोकांनी सोडवलं. त्याच्या बायकोने कुऱ्हाडीने दोर तोडून त्यांची बोट वेगळी केली आणि जाताना कुऱ्हाडीचा दांडा माझ्या पाठीत घातला. मी उलट हात उचलला नाही. स्वभाव शांत आहे.

१० मार्च
शत्रू तोंगयोंग शहरातल्या दवाखान्यात, हात प्लास्टरमध्ये. आता बोट कोरडी राहणार. ऑक्टोपसचा सीझन तोंडावर आलाय. उद्यापासून जोरात काम.

११ मार्च
मांडीपर्यंत पाणी. त्याने माणूस ठेवला असणार.

१२ मार्च
दुपारी डुलकी न काढता पहार घेऊन दबा धरून बसलो. खाली ठकठक ऐकू आली. माणूसच! “बाहेर ये, भडव्या!” म्हणून अंधारात सगळ्या ताकदीने पहार खुपसली.
पाण्यावर तरंगणारा डबा होता. पहार डब्यातून आरपार गेली. डब्याखाली बोटीचं बूड होतं.
पाणी कारंज्यासारखं उसळलं. पाय जाळ्यात अडकला. गळ्यापर्यंत आलं तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.
बुनरेने उडी मारली, जाळं कापलं, केस धरून मला वर ओढलं. धक्क्यावर आल्यावर थोबाडीत दिली, मग घट्ट मिठी मारली, मग पुन्हा थोबाडीत दिली. आमच्यामागे बोट बुडाली. फार आवाज केला नाही तिने.

१९ मार्च
पोलीसचौकीत तडजोड झाली. दोकचिलचा हात बरा होईपर्यंत त्याच्या बोटीवर मी राबायचं. आज पहिला दिवस. तो वर उभा, हात गळ्यात बांधलेला. मी खाली, त्याच्या बोटीच्या तळात. पाणी थोडंच होतं. तरी कंबर मोडली.
बादल्या उपसत राहिलो. शेवटी मीच विचारलं, “माझ्या बोटीतलं सगळं तू एकट्यानेच उपसायचास? मला उठवायचंस की!”
तो समुद्राकडे बघत म्हणाला, “रोज हाका मारायचो. तू घोरायचास.”