दोरीवरचा लाल चिमटा

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. फोनच करणार होते, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हो हो करते, हे आपलं लहानपणापासूनचं. म्हणून लिहिते आहे. ह्यांच्या फोटोंच्या हार्ड डिस्क मला एकटीला सांभाळता येणार नाहीत, तुझा सोन्या रविवारी येऊन घेऊन जाईल आणि सगळं नीट लावून ठेवील, असं तू म्हणतेस. त्याचं उत्तर देतेच. आधी थोडं इकडचं.

मी शाळेच्या ऑफिसात परत जायला लागले. दाखले, हजेरी, फिया, तेच सगळं. स्टुडिओची पुढची खोली अजून आवरलेली नाही. पांढरा पडदा तसाच आहे, त्याच्यापुढे स्टूल आहे, आणि भिंतीवर तो आरसा आहे ज्यात लोक फोटोआधी भांग नीट करायचे. पाटी काढली तरी माणसं बेल वाजवतात. पासपोर्टचा फोटो हवा असतो. फोटोग्राफर नाहीत म्हटलं की विचारतात, कधी येतील? परवा एकाला मी म्हटलं, वाट बघू नका. तो म्हणाला, बसतो की थोडा वेळ, मला घाई नाही.

तुला ह्यांची ती सवय आठवते का? कोणालाही फोटो देताना त्यातलं काहीतरी बारीकसं पुसून द्यायचे. भिंतीवरचा खिळा, शर्टाचं एखादं बटण, मागच्या झाडाची एक फांदी. प्रत्येकाला वेगळं. फार पूर्वी दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने ह्यांनी काढलेले लग्नाचे फोटो आपले म्हणून काचेत लावले होते, तेव्हापासूनचं हे. तू हसायचीस. म्हणायचीस, अगं, तुझा नवरा फोटो काढतो की खोडतो? त्यावर ते म्हणायचे, लोक खाली लिहून सही करतात, मी आत पुसून करतो. मला ते वेड वाटायचं. घरी मात्र मूळ फोटो जसाच्या तसा राहायचा, त्याला ते हात लावत नसत.

छकुलीचा खिडकीतला फोटो त्यांनी दुपारी काढला होता. डोक्यावरचे केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या. डोक्याला बांधायचा रुमाल तिने स्वतः धुऊन खिडकीबाहेरच्या दोरीवर घातला होता. एका टोकाला पांढरा चिमटा, दुसऱ्या टोकाला लाल. लाल चिमटा आधी तिने ह्यांच्या नाकाला लावून बघितला आणि म्हणाली, बाबा, आता तुमचा फोटो काढायला पाहिजे. त्या हसण्यातच ह्यांनी तिचा काढला. त्यानंतर ती असं हसली नाही. त्यानंतर फार दिवस राहिलीही नाही.

ह्यांनी तो आपल्या वेबसाइटवर ठेवला, अगदी छोटा, खाली तिचं नाव आणि तारखा. तुझा तेव्हाचा प्रश्न मला पाठ आहे. नेटवर टाकलाच कशाला? पोरीचा असला फोटो चव्हाट्यावर मांडायची काय हौस? पण तुला मोठा करून भिंतीवर लावायला हवा होता, म्हणून ह्यांनी मोठी फाईल फक्त तुझ्याकडेच पाठवली.

पुढचं तुला माहीत आहेच, तरी लिहिते. शेजारच्या काकू एक दिवस मोबाईल घेऊन आल्या. म्हणाल्या, अहो, तुम्ही आम्हाला परकं समजलात, उपचारासाठी मदत मागितलीत ती अशी नेटवर? मी थोडे पैसे पाठवलेत हो. जाऊन वर्ष झालेल्या मुलीसाठी त्यांनी पैसे पाठवले होते. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय बोलणार? मग ती एका औषधाच्या जाहिरातीत आली, तीन महिन्यांत खडखडीत बरी होऊन. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टने पेढे मागितले. मी म्हटलं, ती गेली. तिला वाटलं सासरी गेली.

हे रोज बसून तक्रारी लिहायचे. फोटो माझा आहे, मुलगी माझी आहे, कृपया काढून टाका. एका कंपनीने उलट विचारलं, फोटोतल्या व्यक्तीचं संमतीपत्र जोडा. ह्यांनी मृत्यूचा दाखला जोडला. तर उत्तर आलं, या कागदावर संबंधित व्यक्तीची सही नाही. एका ठिकाणाहून काढला की दुसरीकडे यायचा. फोटो विकणाऱ्या एका साइटवरून सगळे तो रीतसर विकत घेत होते, आणि तिथे टाकणाऱ्याने हा फोटो मीच काढला असं लिहून दिलं होतं.

सोन्या तेव्हा दर शनिवारी यायचा. इंग्रजी पत्रं तोच टाइप करून द्यायचा. काका, नेटवर गेलेलं परत येत नसतं, मनाला लावून घेऊ नका, असं समजावायचा. मला म्हणायचा, मावशी, काकांना जरा बाहेर फिरवून आणा. मी त्याला आवडतो तसा, आलं घातलेला चहा द्यायचे. मला वाटायचं, पोरगा किती करतो.

एका शनिवारी ह्यांनी औषधाची ती जाहिरात पडद्यावर मोठी केली आणि त्याला म्हणाले, तुझे डोळे तरुण आहेत, हा रुमाल कशाने अडकवलाय सांग बघू. तो वाकून बघत म्हणाला, एक चिमटा दिसतोय, पांढरा. हे म्हणाले, हं. मग मला हाक मारून म्हणाले, त्याला चहा दे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला त्यात काहीच वाटलं नाही. त्याच आठवड्यात तू फोन केला होतास, की तुझे हे आज अचानक आले, छकुलीच्या फोटोपुढे उभे राहिले आणि पाणीसुद्धा न घेता गेले, काही बिनसलंय का? मी म्हटलं, तिची आठवण आली असेल.

त्यानंतरही सोन्या येत राहिला आणि हे त्याच्याकडून तक्रारी टाइप करून घेत राहिले. औषधवाल्यांना, देणगीवाल्यांना, सगळ्यांना. फक्त त्या विकणाऱ्या साइटला एकही पत्र नाही. मी म्हणायचे, मूळ दुखणं तिथे आहे, मूळ फोटो पाठवा ना त्यांना. ते म्हणायचे, बघू. बघू म्हणता म्हणताच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी वाद घातला नाही.

आता गेल्या महिन्यातलं. शाळेसमोरच्या बसस्टॉपच्या मागे नवा बोर्ड लागला, केस गळण्यावरच्या उपचारांचा. त्यावर माझी मुलगी, दोन मजले उंच. खाली लिहिलंय, आधी. शेजारी दुसरीच कोणी लांब केसांची मुलगी, आणि खाली, नंतर. शाळेतल्या मुली बसची वाट बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, ए, अभ्यास केला नाहीस ना, तर अशी टकली होशील. मी तिथेच उभी राहिले. बस आली, गेली. तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी तिच्या मागची दोरी बघत राहिले. रुमाल एकाच चिमट्यावर लोंबत होता. दुसरं टोक नुसतंच हवेत. लाल चिमटा नव्हता.

घरी येऊन आपल्या भिंतीवरचा फोटो बघितला. त्यात आहे. वेबसाइटवरच्या छोट्या फोटोतही लाल आहे, तिथे पांढरा पुसलेला आहे. मग मी रविवारी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू म्हणालीस, बरं झालं आलीस, जरा मोकळं वाटेल. तू आत पोहे परतत होतीस आणि मी दिवाणखान्यात तुझ्या भिंतीवरचा छकुलीचा फोटो बघत होते; त्यातही रुमालाचं एक टोक हवेतच होतं. पोहे छान झाले होते.

त्या साइटला मी मूळ फोटो पाठवला, लाल आणि पांढऱ्या दोन्ही चिमट्यांसकट. त्यांनी टाकणाऱ्याचं नाव कळवलं. तुझ्या मुलाचं नाव मला इंग्रजीत वाचावं लागलं. त्यांनी हेही लिहिलं की हेच नाव त्यांनी ह्यांना पूर्वीच कळवलं होतं, आणि ह्यांनी आमच्या नकळत केलेली तक्रार त्यावर मागे घेतली होती. म्हणजे ताई, त्यांना सगळं ठाऊक होतं. तुझं माझं तुटू नये म्हणून ते मुलीचा फोटो विकू देत राहिले, आणि ज्याने विकला त्याच्याच हाताने इतरांना पत्रं लिहीत राहिले. चांगला माणूस होता. मी तेवढी चांगली नाही.

तुला माहीत होतं का, हे मी विचारत नाही. तू काहीही सांगितलंस तरी माझं काम अडत नाही. डिस्क वकिलांकडे दिल्या आहेत. सोन्याच्या ऑफिसला नोटीस सोमवारी पोहोचेल, कारण फोटो तिथल्याच कॉम्प्युटरवरून टाकला होता. वकील म्हणाले, मूळ फोटो भक्कम आहे, पण फाईल कोणत्या घरातून गेली हे दाखवायला त्या घरातला फोटो लागेल, फ्रेमसकट, आणि तो कोणी दिला हे सांगायला तू लागशील. म्हणून हे पत्र. दिवाणखान्यातला फोटो उतरव, काच फुटू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळ, आणि सोन्या रविवारी येणारच आहे तर त्याच्याच हाती पाठव. तो फोटो मला कशाला हवा आहे, हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. तो फोटो घेऊन आला तर मी समजेन की तू त्याला सांगितलं नाहीस. रिकाम्या हाताने आला, किंवा आलाच नाही, तरी समजेन. चहा मात्र मी टाकून ठेवीन, आलं घालून.

तुझीच,
धाकटी